चिडलेली हवा आणि कॅप्टन

नागपुरात समुद्र नाही, पण आमच्याकडे कॅप्टन होता. तोही नावाचाच. नौदलात तो पाणबुड्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या सांभाळायचा; कॅप्टनचा हुद्दा आम्ही दिलेला, आणि त्यानं तो कधी नाकारला नाही. तलावात, कालव्यात कुणी बुडालं की पोलीस आमच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाला बोलवत. आमच्या टाक्या धरमपेठेतल्या पोहण्याच्या तलावामागे पत्र्याच्या खोलीत असत. बायको गेल्यापासून कॅप्टन सकाळी त्या खोलीत यायचा तो दिवे लागेपर्यंत. घरी फक्त झोपायला जायचा.

कुणी टाकीतल्या हवेला ऑक्सिजन म्हटलं की तो भडके. “हवा आहे बाप्पा, तू आता घेऊन राहिला तीच. दाबून भरली म्हणून चिडली आहे.” भरलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हवर तो साबणाचं पाणी सोडायचा आणि बाजूला उभा राहून बघायचा. बुडबुडा दिसला की टाकी अंगणात आडवी ठेवायची आणि व्हॉल्व्ह हळूच उघडून सगळी हवा जाऊ द्यायची. हवा पुरती गेल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. मग रबरी रिंग बदलायची. यात अर्धी सकाळ जायची, आणि घाई करणाऱ्याला तो अशा शिव्या घालायचा की ऐकणाऱ्यानं कानांवर हात ठेवावेत.

एकदा पेंचच्या कालव्यावरून बोलावणं आलं. गाडी दारात, आणि एक भरलेली टाकी मानेपाशी फुसफुसायला लागली. अध्यक्षांच्या जावयानं, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, पाना उचलला आणि व्हॉल्व्ह आवळायला लागले. कॅप्टननं सर्वांदेखत त्यांच्या कानाखाली ठेवून दिली. “अबे, सासऱ्याची पोरगी विधवा करून राहिला काय?”

अध्यक्षांचा निरोप आला: माफी मागा, नाहीतर किल्ली द्या. खोली गेली तर या माणसाकडे काय उरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, “कॅप्टन, दोन शब्द बोलून टाका ना.” तो म्हणाला, “मी माफी मागली, तर पाना उचलला ते बरोबर होतं असं होते गा.” किल्ली टेबलावर ठेवली, हात धुतले आणि गेला.

मग टाक्या ज्याला वेळ मिळेल तो बघायचा. साबणाच्या पाण्याचा डबा कोरडा पडला. पारशिवनीचा नरेश आमच्यातला सगळ्यात चांगला पोहणारा. त्याला जावईबापूंनी सांगितलं, “गळून राहिली आहे, जरा आवळ.” त्यानं आवळली. व्हॉल्व्ह उडाला आणि पत्रा फोडून वर गेला. जाताना नरेशचा डावा डोळा घेऊन गेला. मंडळानं या प्रकाराला ‘दुर्दैवी अपघात’ म्हटलं. त्या दोन शब्दांचा मला अजून संताप येतो.

अध्यक्षांनी मला किल्ली घेऊन कॅप्टनकडे धाडलं. त्यानं एवढंच विचारलं, “टाकीत हवा होती?” मी होती म्हटलं. तो म्हणाला, “दोन शब्दच तर होते. बोलून टाकायले पाहिजे होते. पोराचा डोळा राहिला असता.”

ज्यांची झोप उडायला हवी होती ते खुशाल घोरत होते, आणि दोष घेतला तो ह्यानं. किल्लीला त्यानं हात लावला नाही. त्याच हिवाळ्यात गेला. शोकसभेत जावईबापू कॅप्टनच्या शिस्तीवर बोलायला उभे राहिले, तेव्हा मी चपला घालून बाहेर आलो.

किल्ली आता माझ्याकडे असते. पत्र्याचं भोक मी बुजवू दिलेलं नाही. जावईबापू हल्ली अध्यक्ष आहेत. परवा खोलीत आले, एक टाकी फुसफुसत होती, आणि त्यांचा हात सवयीनं पान्याकडे गेला. मी मनगट धरलं.

“सोड,” ते म्हणाले. “नाहीतर सभेत माफी मागावी लागेल.”

“मागतो,” म्हटलं. “आधी हवा जाऊ द्या.”