सोनीबाईचा भारा

सोनीबाईचा डावा पाय पोलिओनं गेला, तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून गुडघ्यावर हात दाबत ती चालायची. सपाटीला तिचं अडत नसे. चढ आला की संपलं. आणि आंबेगाव तालुक्यातल्या त्या वाडीत चढाशिवाय दुसरं होतं काय? म्हणून तिनं शेळ्या पाळल्या. तिच्या तिन्ही शेळ्या शेजारच्या लंकाबाईच्या शेळ्यांमागं डोंगरावर जायच्या आणि दिवेलागणीला आपल्या आपण दारात यायच्या. एकट्या बाईचं पोट त्यांच्यावर चालायचं.

अठ्ठ्याण्णव साली पाणलोटाची योजना आली. पाऊस लहरी झालाय, डोंगर उघडा पडलाय, झाडं-गवत राखलं तरच विहिरीला पाणी टिकेल, असं साहेब सांगून गेले. सोनीबाईला ते मनापासून पटलं. एका घागरीसाठी उन्हाळाभर किती जणींची मनधरणी करावी लागते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

सभा खंडोबाच्या देवळात भरली. देऊळ टेकाडावर, बत्तीस पायऱ्या. सोनीबाई खाली पिंपळापाशी बसून राहिली. वरचं अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं. मग लंकाबाई ओंजळीत शपथेचा बेलभंडार घेऊन खाली आली.

"उचल बाई. समद्यांनी उचललाय. डोंगर राखायचा."

सोनीबाईनं बेलभंडार उचलला, कपाळाला लावला. डोंगर राखायचा म्हणजे चराई बंद, हे तिला घरी आल्यावर कळलं. घरटी रोज गवताचा एक भारा मिळणार होता. पण ज्यानं त्यानं वर जाऊन कापायचा.

दोन महिन्यांत दोन शेळ्या बाजारात गेल्या. तिसरी गाभण होती. दाव्याला हिसके देऊन तिनं मानेवरचे केस घालवले होते. समोर डोंगर हिरवागार.

पाणलोट कमिटीचा चिमाजी दारावरनं चालला होता. सोनीबाईनं त्याला थांबवलं. "भाऊ, माझा भारा खाली आणून टाकायचं ठरावात घाला की."

"तुला दिला की उद्या समदीच लंगडायला लागतील! त्यापरीस सोड की शेळी. आमी बघितलंच नाय म्हणू."

"तुमी नाय बघणार. भंडारा माझ्या कपाळाला लागलाय, त्याचं काय?"

"लई शहाणी! मग रविवारी सभा हाय. वर येऊन बोल."

रविवारी ती सगळ्यांच्या आधी निघाली. पायरीवर बसायचं, हात मागं टेकायचे, अंग वर ओढायचं. लोक बाजूनं चढून गेले. अकराव्या पायरीला तळवे सोलले. तेविसाव्या पायरीवर असताना वरून "येळकोट येळकोट" ऐकू आलं. सभा उठली होती.

माणसं कडेकडेनं उतरू लागली. चिमाजी आला.

"भाऊ, आले बघा. आता बोलू?"

"आता? सह्या झाल्या, वही मिटली. पुढच्या महिन्यात बघू," म्हणत तो उतरून गेला.

लंकाबाईनं हात पुढं केला. "चल, खाली नेते. शेळी वरडतीया तुझी."

खरंच ओरडत होती. इथवर ऐकू येत होतं.

"शपथ त्याच्यापुढं झालीया," सोनीबाई वर देवळाच्या दाराकडं बघत म्हणाली. "सोडवायची तर त्यालाच सांगते." आणि सोललेले तळवे तिनं पुन्हा मागच्या पायरीवर टेकले.