वेग सोडणाऱ्या गाडीचा तपास

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की पुन्हा तितकाच वैताग येतो. आमचे हे पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीतल्या केसेस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगतात. ही एक मात्र सांगत नाहीत. म्हणून मी ती या वहीत लिहून ठेवते, त्यांच्याच पद्धतीने, कोणाचे नाव न घेता.

प्रकरण आमच्या गाडीचे. तारनाक्याच्या आमच्या इमारतीत इतकी जुनी गाडी दुसरी नाही. पण तिच्यात क्रूझ कंट्रोल आहे. मोकळ्या रस्त्यावर बटण दाबले की गाडी ठरवलेला वेग स्वतः धरून ठेवते, पाय उचलून घेता येतो. ह्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. उदगीरला माझ्या माहेरी जायचे तर त्या बटणाच्याच भरवशावर.

दसऱ्यानंतर आठवडाभरात ते बटण बिघडले. कधी वेग धरायचे, कधी लगेच सोडून द्यायचे. दोनदा तर सकाळी बॅटरीच बसलेली निघाली.

दुसरा कोणी असता तर गाडी दुरुस्तीला टाकून मोकळा झाला असता. ह्यांनी जुनी डायरी काढली आणि तारीख, वेळ, ठिकाण लिहून तपास सुरू केला. पहिला जबाब वॉचमनचा. त्याला उभे करून वडिलांचे नाव, मूळ गाव, आधी कुठे कामाला होता, सगळे विचारले. गाडीबद्दल शेवटी विचारले. त्या दिवसापासून हे खाली उतरले की वॉचमन पाण्याच्या टाकीमागे जायचा.

दुसरा जबाब माझा. मी पोळ्या करत होते.

"गाडीत काही सांडलंस?"

"मी मागे बसते. पुढचं मला काय माहीत?"

"मागे का बसतेस?"

"पुढच्या सीटवर तुमच्या फायली असतात म्हणून."

हेही त्यांनी लिहून घेतले.

मग मुख्य संशयित. अफझलगंजचे उस्ताद. आमच्याकडे स्कूटर होती तेव्हापासून, म्हणजे पंचवीस वर्षे, आमच्या वाहनांना त्यांच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागला नव्हता. माझे ऑपरेशन झाले तेव्हा हे बंदोबस्तावर होते. पंधरा दिवस मला दवाखान्यात नेले-आणले ते उस्तादांनी. दसऱ्याआधी त्यांनी हॉर्नची वायर बदलली होती. ह्यांचा नियम ठरलेला, शेवटचा हात ज्याचा, पहिला संशय त्याच्यावर.

उस्ताद आले. खाली जाऊन त्यांनी गाडी पाहिली, मग वर आले. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली नाही, स्टूल दिले. ठाण्यात संशयिताला स्टूल द्यायचे, म्हणे. चहा देऊन मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"हॉर्न की वायर डालते वक्त और क्या खोले?"

"कुछ नै साब. मैं वो बटन को हात बी नै लगाया. साब, वो पैडल के उपर जो है ना..."

"पूछा उतनाइच बोलो."

"हौ साब."

"पुरानी वायर कहाँ है?"

"दुकान में पड़ी होंगी साब. मगर वो पैडल के पास..."

"पूछा उतनाइच बोलो बोलके बोला ना मैं?"

असे तासभर चालले. शेवटी हे म्हणाले, "तुम्हीच खोट ठेवली आहे उस्ताद. मी तुमच्या दुकानाच्या फेऱ्या मारत राहावं म्हणून." उस्तादांना मराठी चांगली समजते.

त्यांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. "पच्चीस साल का एतबार था साब. अब गाडी कहीं बी दिखाओ." माझ्याकडे पाहून "चलता हूँ भाभी" म्हणाले आणि गेले. मला काहीतरी बोलायचे होते. बोलले नाही. लग्नापासून सवय तशीच. तो कप मी दोनदा विसळला, तरी मन लागेना.

पुढे महिनाभर नुसता ताप. एका मोठ्या गॅरेजने स्टिअरिंगवरचे बटण बदलले. गाडी तिथे शहाण्यासारखी वागली, घरी येताच पुन्हा तेच. दुसऱ्याने नवी बॅटरी घातली. तीही आठव्या दिवशी बसली. हे म्हणायचे, "अट्टल आहे. साक्षीदारासमोर गुन्हा करत नाही." गुडघ्याला शेक द्यायचा मी आणि हे ऐकायचेही मीच. उदगीरला भाचीच्या बाळाचे बारसे झाले, आम्ही गेलो नाही. उस्तादांचे नाव घरात निघेनासे झाले.

खबर मिळाली ती मला. एका संध्याकाळी मी गच्चीवरून कपडे घेऊन उतरत होते. वॉचमन जिन्याशी थांबला होता.

"अम्मा, एक बात है. सार को नक्को बोलो."

"काय?"

"कार में कोई नै. फिर बी पीछे लाल लाइट जलती. कल बी थी."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सार फिर से मेरे बाप का नाम पूछते अम्मा."

मी जाऊन पाहिले. आमची गाडी भिंतीकडे पाठ करून उभी असते. अंधारून येत होते आणि भिंतीवर दोन लाल डाग पडले होते. तो ब्रेकचा दिवा, हे मलाही कळत होते. तो ब्रेकवर पाय दिला की लागतो. गाडीत कोणी नाही, मग पाय कोणाचा? आणि एकदम उस्तादांचे अर्धे राहिलेले वाक्य आठवले, पैडल के उपर.

वरून दुसरी किल्ली आणि टॉर्च आणला. दार उघडून जमिनीवर बसले आणि आत उजेड टाकला.

ठाण्यात खंडेनवमीला बंदुका, काठ्या यांची पूजा व्हायची, प्रत्येकीला लाल-पिवळा धागा बांधायचे. निवृत्त झाल्यावर हत्यार राहिले नाही, म्हणून हे गाडीची पूजा करू लागले. "ब्रेक हेच गाडीचं हत्यार" म्हणून धागा ब्रेकच्या पेडलच्या दांडीला. पूजेचा धागा कापत नाहीत, तेव्हा दर वर्षीचा नवा धागा जुन्यावरच. अकरा दसऱ्यांचा अंगठ्याएवढा गोळा झाला होता, हळदकुंकू आणि तेलाने कडक झालेला. त्या वर्षीची गाठ वर सरकून दांडी जिथे टेकते तिथे अडकली होती.

मी दांडी बोटाने वर ढकलली.

"गया अम्मा!" मागून वॉचमन ओरडला.

सोडली.

"आया अम्मा!"

परक्या माणसाला मी कधी फोन केला नव्हता. त्या दिवशी ह्यांच्या डायरीतून उस्तादांचा नंबर काढला आणि केला. "भाभी बोलतेय. उद्या या. साहेबांनी नाही, मी बोलावलंय."

उस्ताद सकाळी आले. पेडलकडे न पाहताच म्हणाले, "मैं उसी दिन देखा भाभी. दांडी पूरी पीछे नै आती, तो गाड़ी समझती ब्रेक पे पाँव है. स्पीड छोड़ देती, बत्ती जलती रहती, बैटरी खाली. जोर से दबाके छोड़े तो बराबर आती, इसलिए गॅरेज में पकड़ में नै आया."

"मग धागा काढला का नाही?"

"पूजा का है भाभी. साब के हात का बाँधा हुआ. मैं कैसे काटूँ? बोलने गया तो..."

तेवढ्यात हे खाली आले. "याला कोणी बोलावलं? आणि काय रे, त्या दिवशी..."

मी मध्ये उभी राहिले. "आज तुम्ही काही विचारायचं नाही. ते सांगतील, तुम्ही ऐकायचं."

हे गाडीच्या दाराशी गेले, आत वाकून पाहिले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. शेवटी दुखरा गुडघा तसाच फरशीवर टेकून खाली बसले. कात्री मागितली नाही. एकेक गाठ नखाने सोडवू लागले. तिसऱ्या गाठीला, मान वर न करता म्हणाले, "उस्ताद, उस दिन क्या बोल रहे थे? शुरू से बोलो."

उस्तादांनी टॉर्च धरला आणि पहिल्यापासून सांगितले. अकरा गाठी सुटेपर्यंत हे एकदाही मध्ये बोलले नाहीत. मग तिघे रिंग रोडला जाऊन आलो. गाडीने वेग धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. परत आल्यावर ह्यांनी उस्तादांसाठी स्वतः खुर्ची ओढली. माफी वगैरे काही मागितली नाही. उस्तादांनी चहा मात्र पूर्ण घेतला.

छत्तीस वर्षे लोकांना बोलते केल्याचे हे सांगतात. या केसमध्ये उस्तादांना पहिल्याच दिवशी कळले होते, वॉचमनने डोळ्यांनी पाहिले होते, आणि मी उस्तादांचे वाक्य ऐकले होते. तिघेही गप्प होतो. ह्यांच्या धाकाने, हे खरे. पण माझे तोंड मीच बंद ठेवले होते, त्याचा दोष ह्यांच्यावर घालता येत नाही.

या दसऱ्याला ह्यांनी धागा हातात घेऊन विचारले, "कुठं बांधू?"

"आरशाला," मी म्हणाले.

"पण ब्रेक हेच..." त्यांनी सुरू केले.

"विचारलंत ना? मग ऐका."

त्यांनी आरशाला बांधला.