बांगडा सोडलेला माणूस

ती तरुण बाई एकटीच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या उतरून गेली. तिची ती पाठ मला आजही दिसते. निवृत्तीनंतर मी बऱ्याच तपासांचे किस्से सांगितले, हाही सांगितला. पण सांगताना दरवेळी भोंदू वैद्यावरच्या छाप्यापाशी थांबलो. आज पुढचंही सांगतो.

गिरणगावातल्या एका ठाण्यात मी तपास अधिकारी होतो. एके सकाळी इस्पितळातल्या पोलीस चौकीतून निरोप आला : लालबागच्या चाळीतला नुकतंच लग्न झालेला तरुण दाखल आहे, विषबाधेचा संशय. मी गेलो. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, हात थरथरत होते. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्यांवरची काळसर रेघ दाखवली. म्हणाले, "शिसं किंवा पारा, असलं काहीतरी थोडं थोडं पोटात गेलंय. काय ते कळलं नाही तर त्याची मूत्रपिंडं वाचवणं कठीण. आणि हा तर म्हणतो, मी काहीच घेतलं नाही."

थोडं थोडं विष पोटात जातं म्हटल्यावर पोलिसाची नजर स्वयंपाकघराकडे वळते. माझीही वळली. त्यात वॉर्डाबाहेर त्याची आई बसलेली.

"साहेबानू, हिनाच कायतरी घातल्यान," ती सुनेकडे बोट दाखवून म्हणाली. "माझो झील माशाशिवाय जेवा नाय. आता वासानसुद्धा तोंड फिरवता. ही घरात इल्यापासून!"

सून कोपऱ्यात उभी होती.

स्त्रीची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, हा नियम मला पाठ होता. पण घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, मध्ये पडदा आणि पडद्यापलीकडे सासू. तिथे ती काय बोलणार, असं स्वतःला समजावून मी तिला ठाण्यात आणायला जीप पाठवली. भर दुपारी, दोन शिपाई आणि एक महिला शिपाई. अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. शिपाई परत येऊन हसत म्हणाला, "साहेब, एवढी गर्दी गणपतीला पण नसते."

मी तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावलं. तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. लग्न मनाविरुद्ध झालं का? माहेरी कोणी होतं का? शेवटी ती भडकली.

"साहेब, विष घालणारी बाई रोज तिरफळं घालून बांगड्याचं सार करेल? मी करायची आणि हे ताटावरून उठायचे. सोलकढी केली, नको. लिंबाची फोड वाढली तर ती उचलून माझ्याच ताटात. आई म्हणायच्या, तुझ्या हाताला चव नाही. आता म्हणतात, तुझ्या हातात विष आहे. एकदा काय ते ठरवा तरी!"

महिला शिपाई तोंडावर पदर धरून हसली. मी जबाबात लिहिलं : पतीपत्नीत जेवणावरून कुरबुरी.

पण ती लिंबाची फोड डोक्यातून जाईना. मी स्वतः वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडचा माणूस मासळी केव्हा सोडतो? श्रावणात, सुतकात, नाहीतर गळ्यात माळ घातली तर. यातलं काही नव्हतं. शिवाय श्रावणात सोलकढी चालते, लिंबू चालतं. मासळी आणि आंबट दोन्ही एकदम बंद होतं ते एकाच कारणानं. कोणाचं तरी पथ्य चालू असतं.

आणि असलं पथ्य सांगणाऱ्या जाहिराती आमच्या ठाण्याच्या मागच्या भिंतीवरच रंगवलेल्या होत्या. लग्नापूर्वी, लग्नानंतर. मज्जातंतूंची दुर्बलता. निराश होऊ नका. रोज त्यावरून नजर फिरायची आणि आम्ही सगळे आपसात फिदीफिदी हसायचो.

मी इस्पितळात गेलो, त्याच्या आईला बाहेर पाठवलं आणि पोराला एवढंच विचारलं, "तुझं आंबट कोणी बंद केलं?"

तो ढसाढसा रडला.

दादरला एका दुकानाच्या माळ्यावर 'वैद्य' बसायचा. पोरगा तीन महिने त्याची काळी पुडी आणि लाल काढा घेत होता. बाटली आणि पुड्या तो काम करायचा त्या कुरिअरच्या ऑफिसातल्या लॉकरमध्ये ठेवलेल्या.

"बायकोला ठाण्यात बसवलंय, माहीत होतं ना तुला?" मी विचारलं.

"होतं, साहेब. वाटलं, तिने काही केलंच नाही तर सोडतीलच. पण माझं हे बाहेर आलं तर मी चाळीत राहू कसा?"

माझा हात उठला होता. सलाइनची नळी बघून खाली घेतला. डॉक्टर बाजूलाच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "याला कसलाच आजार नव्हता हो. याला खोली नव्हती." पडद्यापलीकडे आई खोकते, भिंतीपलीकडे शेजारी टीव्ही बघतात आणि हा पोरगा आपल्यातच दोष शोधत दादरला जिना चढतो!

बाटली आणि पुड्या डॉक्टरांच्या हाती पडल्या आणि योग्य उपचार सुरू झाले. आम्ही औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना सोबत घेतलं, पंच घेतले आणि बनावट गिऱ्हाईक वर पाठवलं. त्याने पुडी घेतली, तसा छापा घातला. माळ्यावर डबेच डबे. प्रत्येक लेबलावर दाढीवाला गोरा साहेब, भोवती पदकं आणि खाली 'दीडशे वर्षांचा विलायती फॉर्म्युला'.

"हा कोण?" मी विचारलं.

"आमचे संस्थापक."

"नाव?"

तो जरा घुटमळला. "साहेब, फोटो छापखानेवाल्यानेच टाकला."

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कोणी गोरा लोकांना हेच सांगून लुटत असेल, तर याने त्याची दाढीसुद्धा उसनी घेतली होती! पुढे तपासणीत पुडीत शिसं आणि पारा दोन्ही निघाले. अहवाल समोर ठेवला तरी वैद्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"माझ्या औषधात दोष नाही. लोक पथ्य मोडतात."

"परळ-लालबागच्या माणसाला मासळी बंद करतोस?"

तो चक्क हसला. "म्हणून तर, साहेब. इथे कोणाच्याने पाळवतंय? चार दिवसांत बांगडा खातात, गुण येत नाही, स्वतःलाच दोष देतात. पुन्हा माझ्याकडे तक्रार कोण आणणार? आणि तुमच्याकडे तरी साक्षीला कोण येणार?"

असा निर्लज्ज कबुलीजबाब मी उभ्या नोकरीत ऐकला नाही. पथ्य मोडणारे चुकून वाचले होते, कारण खजील होऊन त्यांनी औषधच टाकून दिलं. हा पोरगा प्रामाणिक. त्याने पथ्य काटेकोर पाळलं आणि प्रत्येक पुडी गिळली.

साक्षीला दुसरं कोणी आलं नाही, हेही खरंच झालं. फक्त पोराने जबाबावर सही केली. बायकोने त्याला सांगितलं होतं, "सही करा, नाहीतर मी तुमच्या घरी राहणार नाही." पेपरात चौकट आली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. वैद्य जामिनावर सुटला, खटला रेंगाळला, आणि तो पाटी बदलून दुसरीकडे बसल्याचं कानावर आलं. संताप येतो, पण त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

छाप्यानंतर मी तिला शेवटचं बोलावलं आणि तुमच्यावर काही संशय राहिलेला नाही, असं सांगितलं. तोवर मी तिला अगंतुगं करत होतो, त्या दिवशी 'तुम्ही' म्हणालो. ती उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"साहेब, न्यायला जीप आली होती. तशी सोडायलाही येऊ दे ना. गॅलरीतल्या लोकांना सांगा, हिने काही केलं नव्हतं."

मी म्हणालो, "अहो, त्याची काय गरज? तुम्ही सुटलात. आणि कारण सांगायला गेलं तर तुमच्या नवऱ्याचीच अब्रू जाईल."

"म्हणजे माझी गेली तर चालेल," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

परवा शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना त्याच चाळीतला एक म्हातारा भेटला. ते जोडपं कधीच चाळ सोडून गेलं होतं. मी आठवण काढली, तर तो चटकन म्हणाला, "ती होय? नवऱ्याला विष घालणारी?" इतक्या वर्षांनी! तिथल्या कट्ट्यावर एक जण मोबाइलवरची जाहिरात मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवत होता. तीच दुर्बलता, तेच पथ्य : आंबट व मासळी वर्ज्य. हसणारेही तसेच, आम्ही हसायचो तसे. या हसण्याच्या आडोशानेच तो धंदा चालतो, एवढं ही केस मला शिकवून गेली.

दुसरंही शिकवून गेली. माणसाला घरातून उचलून आणायची रीत पोलिसांकडे आहे : जीप आहे, नोंद आहे, पंच आहेत. त्याला सन्मानाने घरी पोचवायची रीत नाही. ती मीच पाडायला हवी होती. वाट होती फक्त चार गल्ल्यांची.

म्हणून त्या चाळीत आज जे कोणी राहत असतील त्यांनी वाचावं, आणि म्हाताऱ्यांना वाचून दाखवावं : तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सुनेने नवऱ्याला विष घातलं नव्हतं. त्या लिंबाच्या फोडीचं सांगून तिने त्याला वाचवलं. मी तपास अधिकारी होतो, मी सांगतो.