रक्तातलं सूत

वणीपासून चार कोसांवरच्या बंजारा तांड्यात बिजलीबाईला सगळे दोन गोष्टींसाठी ओळखत, तिच्या हातच्या टाक्यासाठी आणि तिच्या तोंडासाठी. पन्नाशी उलटली तरी कवड्या नि आरसे लावून ती पिशवीवर असं भरतकाम करी की बाजारात बायका वळून पाहत. आणि एखादी गोष्ट कळली नाही, तर सांगणारा मेटाकुटीला येईस्तोवर विचारत राही.

१९६१ च्या हंगामात ज्वारी कापताना तिच्या डाव्या तळहातावर विळा बसला. अंगठ्याखाली चांगला बोटभर काप. सून बसंतीनं तिला घरी आणलं, आणि तांडा गोळा झाला. एकीनं हळद भरली, दुसरीनं चुना, कोणी तंबाखू चोळायला निघालं. दर घडीला कोणीतरी फडकं उचलायचं, “थांबलं का?” म्हणत पुसून काढायचं, की रक्त पुन्हा सुरू. अर्धा तास हेच चाललं.

तेवढ्यात नागोराव सायकलवरून आला. वणीच्या दवाखान्यातला हा तिशीचा माणूस मलेरियाच्या तपासणीसाठी गावोगाव फिरून तापकऱ्यांच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घेई. त्यानं गर्दी बाजूला केली, उकळून निवलेल्या पाण्यानं जखम धुतली, स्वच्छ कापडाची घडी ठेवली आणि हात उंच धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबली.

“आता दहा मिनिटं कोनी उचलून पाहाचं नाही.”

“काहून?” बिजलीबाई कडाडली. “हात माहा हाय!”

“हात तुमचाच हाय, मावशी. पन आतमधी गुठळी धरून राह्यली. तिले हे लोक घडीघडी उपटून राह्यले.”

गप्प बसणं बिजलीबाईला विळ्यापेक्षा जड गेलं. तिनं नागोरावचं गाव विचारलं, मायचं नाव विचारलं, लगन काहून नाही केलं तेही विचारलं. नागोराव उत्तरं देत राहिला, पण अंगठे हलवले नाहीत. दहा मिनिटांनी त्यानं कापड उचललं. रक्त थांबलं होतं.

“काय मंतर टाकला?”

“मंतर कायचा? रक्तच थांबलं आपल्या आपन. म्या फकस्त लोकायले थांबवलं.”

एवढ्यानं तिचं समाधान होणार थोडंच! बाजाराच्या दिवशी पट्टी बदलायला ती दवाखान्यात गेली आणि बाकावर ठाण मांडून बसली. “कसं थांबलं ते दाखव. त्याबिगर म्या उठत नाही.”

नागोराव हसला. त्यानं स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि केसासारख्या बारीक काचनळीत रक्त भरून घेतलं. मग दर अर्ध्या मिनिटाला नळीचा एकेक तुकडा तो अलगद मोडू लागला. पहिले काही तुकडे साफ तुटले. चौथ्या मिनिटाला मात्र मोडलेल्या दोन टोकांमध्ये एक लाल धागा ताणला गेला.

“अवं माय! हे तं सूत हाय!” बिजलीबाईनं ती नळी खिडकीच्या उजेडात धरली.

“सूतच. नस कापली का रक्तातले बारीक बारीक कन पह्यले तिथं जाऊन चिकटते. मंग रक्तात विरघळलेल्या एका पदार्थाचे धागे होते. त्याची जाळी बनते, जाळीत लाल पेशी अडकते, अन् भोक बुजते.”

“मंग आंगात काहून नाही होत हे सूत?”

डॉक्टरांनीसुद्धा नागोरावला हे कधी विचारलं नव्हतं. “नसेचं आतलं अस्तर साबूत हाय तोवर सहसा होत नाही. अस्तर फाटलं का रक्ताले खबर लागते. पन मोठी नस तुटली तं हे सूत पुरत नाही, टाके घालाच लागते. तवर दाबून धराचं.”

त्या दिवशी तांड्यात परतल्यावर तिनं घरोघर जाऊन हे सांगितलं. पुतण्या रामधन तर हसून लोळला. “याडी,” तो आपल्या बोलीत तिला आईच म्हणायचा, “आता रक्ताचाही कपडा विनतं का?”

दोन वर्षांनी थंडीत लाकडं फोडताना त्याच रामधनच्या मांडीत कुऱ्हाड शिरली. रक्त भळभळा वाहू लागलं. बायका हळदीला धावल्या, पण बिजलीबाईनं लुगड्याच्या घड्या जखमेवर कोंबल्या आणि दोन्ही हातांनी सारा भार टाकला. बैलगाडी आली. वणी येईपर्यंत दोन तास ती तशीच ओणवी. “पाहू दे ना!” म्हणून रामधन कळवळला, तेव्हा तिनं त्याला असं झापलं की गाडीवानानंही मान वळवली नाही.

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, “दाबलं नसतं, तर हा इथवर पोचला नसता.” बिजलीबाईचे हात आखडून गेले होते, नागोरावनं चहाचा कप तिच्या तोंडाशी धरला.

“मंग, पाह्यलं नाही ना?” त्यानं विचारलं.

“एकडावही नाही,” ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच रडली.

फाल्गुनात होळीला रामधन बायकोचा हात धरून लेंगीच्या नाचात उतरला. पाय थोडा ओढत होता, पण ताल चुकत नव्हता.