अक्कासाठी निवडलेला प्रोसेसर

परतूरच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब माझ्या ताब्यात आहे. त्यामुळे नात्यागोत्यात कुणालाही कम्प्युटर घ्यायचा असला की फोन मला येतो. खोटं कशाला बोलू, तो यावा असं मला वाटतंही. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा प्रश्न ठरलेला असतो: प्रोसेसरचा बेंचमार्क स्कोअर किती?

बेंचमार्क म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. चाचणीचा एक प्रोग्राम प्रोसेसरला ठरावीक कामं देतो, गणितं सोडवायला लावतो, चित्रं तयार करायला लावतो आणि शेवटी एक आकडा काढतो. आकडा जितका मोठा, तितका प्रोसेसर वेगवान. याला नावं ठेवणाऱ्यांशी मी कडाकडा भांडलेलो आहे. एका व्यापाऱ्याने लॅबसाठी जुनीच यंत्रं नवं स्टिकर लावून पाठवली होती, ती मी या आकड्यावरूनच पकडली. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून मी जरा जास्तच शहाणा झालो.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि मला तिनेच वाढवलं. तिने लग्न केलं नाही. कुंभार पिंपळगावात राहून आसपासच्या शाळांत लहान मुलांच्या वर्गांवर शिकवत तिची सगळी नोकरी गेली. दर वर्षी परीक्षेआधी वर्गाचा एक फोटो निघायचा: पुढे पाटी, पाटीवर इयत्ता आणि साल, मागे चार रांगांत मुलं. त्याची एकेक प्रत तिने पेटीत जपून ठेवली होती. एकाही फोटोमागे कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. ती नावं फक्त अक्काला पाठ होती.

निवृत्त झाली त्या दिवाळीत तिने ते सगळे फोटो माझ्याकडून स्कॅन करून घेतले आणि म्हणाली, "मला एक कम्प्युटर घेऊन दे. मोबाईलवर चेहरे राईएवढे दिसून राह्यले. मोठे करून एकेकाखाली नाव लिहिते. न्हाई तर मी गेल्यावर ही लेकरं कोणाची, कोणालाच कळायचं न्हाई."

मी त्याच संध्याकाळी तक्ता मांडला. सहा लॅपटॉप, सहा स्कोअर. संक्रांतीपर्यंत सहाचे अकरा झाले. मग कळलं की नव्या पिढीचा प्रोसेसर उन्हाळ्यात येतोय. उन्हाळ्यात तो आला, पण त्याचे स्कोअर यायचे होते. स्कोअर आले, तर त्याच्याही पुढच्याची कुणकुण लागली.

दर बाजाराच्या दिवशी अक्काचा फोन यायचा. "आलं का रे?"

"थांब अक्का, आणखी वेगवान येतोय."

"मला काय त्याच्यासंगं पळायचंय? फोटो दिसले म्हंजे झालं." ती हसायची. मग मी तिला नवे आकडे वाचून दाखवायचो आणि ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. फोन ठेवताना मात्र म्हणायची, "जरा जल्दी कर, बाबा."

मला वाटलं, मास्तरणीला सगळं वेळेत हवं असतं. राखीपौर्णिमेला तिने माझं मनगट चाचपून राखी बांधली आणि गाठ मारताना दोनदा दोरा निसटला. "म्हातारी झालीस अक्का," असं मी म्हणालो आणि ओवाळणी देऊन तिच्यासमोर पुरणपोळी खात बसलो.

पुढच्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. तिने चांगलं पातळ नेसलं होतं, टेबल पुसून ठेवलं होतं. एवढं असून मी काय करावं? नमनाला घडाभर तेल. "अक्का, आधी याची चाचणी लावू," म्हणालो. दहा मिनिटं चाचणी चालली. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. आकडा आला. मी वाचलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. मी पडदा तिच्याकडे वळवला. "बघ!"

"लई छान आलाय," अक्का म्हणाली.

ती पडद्याच्या वीतभर डावीकडे, भिंतीकडे बघत होती.

मला वाटलं, कॅलेंडर बघतेय. मी पहिला फोटो उघडला आणि मोठा करत गेलो. ती पुढे वाकली, मान तिरकी केली, नाक पडद्याला लागेपर्यंत जवळ आली. मग हळूच विचारलं, "पाटीवर कोणतं साल हाय?"

पाटीवरचं साल एव्हाना हाताच्या पंजाएवढं दिसत होतं.

"अक्का, तुला दिसत नाही?"

"मधलं दिसत न्हाई. कडंकडंचं दिसतं." तिने पदर सारखा केला. "शुगरनं डोळ्यांचे पडदे खराब झालेत. जालन्याच्या डॉक्टरनं निवृत्तीच्या आधीच सांगितल्तं, इलाज करू पण भरवसा न्हाई. आखाडापर्यंत चेहरे बराबर ओळखू यायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं बघून राह्यला होतास. लहानपणी तुला कशाचीच हौस करू देता आली न्हाई मला. म्हणलं, करू दे."

मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू जे गेलं ते माझंच होतं.

परतूरला आल्यावर लॅबच्या कोपऱ्यातला भंगारात काढलेला कम्प्युटर मी जोडला. त्याचा स्कोअर सांगायचीही लाज वाटावी. तेच फोटो त्याच्यावर उघडले. एक श्वास आत घेऊन सोडेपर्यंत फोटो समोर होता आणि चेहरे मोठेही झाले. तेवढी एकच चाचणी मला करायला हवी होती, ती मी वर्षाने केली. वरातीमागून घोडं. बेंचमार्कला मी आजही दोष देत नाही, त्याने मला एकदाही फसवलं नाही. अक्काने मात्र ते वर्ष माझ्यापायी गमावलं आणि हे ओझं मला आता कुठेच ठेवता येत नाही.

हल्ली दर रविवारी मी तिच्याकडे जातो. पडद्यासमोर मी बसतो, ती शेजारी. मी एकेक चेहरा मोठा करून तो कसा दिसतो ते तिला सांगतो, ती नाव आठवायचा प्रयत्न करते. पाटीजवळची, कडेला उभी असलेली, असं सांगितलं की कधीकधी चटकन एखादं नाव येतं.

गेल्या रविवारी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलापाशी आम्ही बराच वेळ अडलो. मी दिसेल ते सगळं सांगितलं: केस तेल लावून चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, गालावर खडूचा डाग, हसू दाबून धरलेलं.

अक्काने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले.

"तसे तर सगळेच होते रे," ती म्हणाली.