पाय ठेवायचे खुंट

मुरबाडच्या दुकानात मी झाडं कापायची एकेक मशीन उचलून बघत होतो आणि सारखे काका डोळ्यांपुढं येत होते. झाडावर चढलेले.

काका म्हणजे मी भाड्यानं राहतो त्या घराचे मालक. टोकावड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत त्यांचं घर आहे. मी परभणीकडचा. आठवीत शाळा सोडली, मिळेल ते काम करत करत इकडं आलो आणि मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. आल्या आल्या कावीळ झाली. ना ओळख ना पाळख, तरी काकांनी मला एस्टीत बसवून दवाखान्यात नेलं, माझ्या जागी रांगेत स्वतः उभे राहिले. त्यांच्या बायकोनं महिनाभर पेज करून घातली. मी त्यांना काका म्हणतो आणि तिला मावशी. नातं काही जुळत नाही, पण तसंच पडून गेलंय.

इकडं भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजतात. फांद्या, पाला, शेण, वर माती असं पसरून पेटवतात. त्याला राब म्हणतात. फांद्या ऐनाच्या झाडाच्या लागतात, आणि बांधावरचे ऐन त्यासाठीच राखलेले असतात. माघ सरता सरता काका कमरेला कोयता लावून झाडावर चढतात आणि फांद्या तोडून खाली टाकतात. मागच्या वर्षी ते वर असताना त्यांना चक्कर आली. खोडाला मिठी मारून बसले म्हणून वाचले. खाली आले, पाणी प्यायले, आणि पुन्हा चढले. मी खाली मोळ्या बांधत होतो. यंदा माघ जवळ आला तसा मी मशीन शोधायला लागलो.

मावशी रोज बोलायची, आता चढू नका. काका ऐकून घ्यायचे आणि कोयत्याला धार लावायचे.

कारखान्यात लागण्याआधी मी रस्त्याकडेची झाडं छाटणाऱ्या टोळीत होतो. तिथं मोठी मशीन चालवली होती. ती सकाळी ठीक वाटते, दुपारनंतर हात थरथरतात, आणि हात थरथरले की चेन फिरते त्या पट्टीचं टोक भलतीकडं जातं. टोक लाकडाला लागलं की मशीन उलटी अंगावर उसळते. आमच्यातल्या एकाच्या गालावर तशी खूण होती. म्हणून मला हलकी हवी होती. जमिनीवर उभं राहून बांधावरचे बुटके ऐन मीच उरकायचे, आणि उंच झाडांना शेजारच्या पाड्यावरचा गडी शिडी घेऊन येतो, त्याला सांगायचं. म्हणजे काकांना चढायचं कारणच उरणार नाही. असा माझा बेत होता.

मुरबाडच्या दुकानदारानं एक अगदी छोटी मशीन दाखवली. तिची मूठ वरच्या बाजूला, पिशवीसारखी. एका हातानं हवेत फिरवत म्हणाला, बघ, लेकरू पण उचलेल. मला तेच नको होतं. ती झाडावर चढून स्वतःला दोरानं बांधून घेणाऱ्यांची मशीन. एका हातात धरायचा मोह होतो, आणि दुसरा हात कुठं जाईल सांगता येत नाही. मला मागं मूठ असलेली पाहिजे होती. उजवा हात मागं, डावा पुढच्या दांडीवर, मधे अंतर. तशा त्याच्याकडं होत्या, पण सगळ्या धुडं. उचलून बघितल्या, ठेवल्या. दुकानदार म्हणाला, "घ्यायची हाय का वजन करायचंय?"

पुढच्या सुट्टीला शहापूरला गेलो. तिथं पंप आणि गवत कापायच्या मशिनी दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे असं कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं मागच्या खोलीतून एक जुनी काढून दिली. मागं मूठ, पट्टी आखूड, रंग उडालेला. कुणा बंगलेवाल्यानं बॅटरीवरची घेतली आणि ही तशीच टाकून गेला होता. मी हातात धरली, खांदा न दुखता तशीच धरून उभा राहिलो. मेकॅनिकचा चहा संपला तरी माझा हात हलला नव्हता. त्यानं ब्रेक दाखवला, चेन किती ढिली ठेवायची ते दाखवलं, पेट्रोलमध्ये ऑइल घातल्याशिवाय चालू करायची दोरी ओढू नको म्हणून दोनदा बजावलं. टाकी रिकामी करून दिली. मी मशीन गोणपाटात गुंडाळली आणि परतीच्या एस्टीत मांडीवर घेऊन बसलो. पट्टीवरचं झाकण आहे की निघालं, हे सारखं चाचपत होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, कोंबडा हाय काय? मी नाही म्हणालो तरी ती पाय आखडून बसली.

काकांनी मशीन बघितली आणि जेवायला बसले. सकाळी मात्र माझ्या आधी बांधावर हजर. कोयता कमरेला होताच.

मी दोरी ओढली, मशीन धरली. बुटका ऐन, फांद्या छातीएवढ्या उंचीवर. पाय फाकवून उभा राहिलो, पट्टीचा मुळाकडचा भाग फांदीला टेकवला आणि ती अलगद खाली आली. हलकी होती, पण कापत होती. मी एकामागून एक फांद्या घेतल्या. टोळीत आम्हाला शिकवलं होतं, खोडाला चिकटून साफ कापायचं, पुढं आलेला तुकडा ठेवायचा नाही. तसंच करत गेलो. पुढच्या ऐनाच्या खोडावर खाली वाळके खुंट होते, वीतभर लांबीचे. तेही जाता जाता साफ केले.

काका धावत आले. मशीनच्या आवाजात त्यांचे नुसते हात दिसत होते. मी ब्रेक लावला, बंद केली.

"आता पाय कुठं ठेवू मी फुडच्या साली?" ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी शेजारचा मोठा ऐन दाखवला. खोडावर खालपासून वरपर्यंत आडवेतिडवे खुंट. फांदी तोडताना इकडं कुणी खोडाला चिकटून तोडत नाही, वीतभर ठेवतात. वरच्या खुंटांना पुन्हा फूट येते, तीच पुढच्या वर्षीची फांदी. खालचे वाळतात, ते चढायला. काकांच्या वडलांनी ठेवलेले खुंटही त्यात होते. मी रोज त्या झाडाखालून जायचो आणि मला ते कधी दिसले नव्हते.

मी म्हणालो, पुढच्या वर्षीही मीच आहे की, नाहीतर शिडीवाला गडी.

"शिडी लावून चढायला मी काय गवंडी हाय?" काका म्हणाले आणि कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले.

म्हणजे ते पुढच्या वर्षीही चढणार होते. त्याच्या पुढच्याही. मी नुसतं यंदाचं बघत होतो.

घरी मावशीनं काकांकडून सगळं ऐकून घेतलं होतं. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो तशी ती मागून आली. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता म्हणून की काय, माझ्याकडं न बघता बोलली.

"त्या मोठ्या ऐनाचं खालचं खुंट काप. ते बाजारात जातील तवा."

"मावशी, त्यांना न विचारता?"

"इचारून कोन कापू देतंय? तू भाडेकरू हायस, तुला काय बोलनार नायत. मी कापलं तर जलमभर ऐकवतील."

तिला खरंच तसं वाटत होतं, की मला कुणी काही बोलणार नाही. मला जेवण गेलं नाही. तिची पेज अंगात आहे, आणि रांगेत उभे राहिलेले ते पाय काकांचे. मशीन खोलीच्या कोपऱ्यात होती. मी चेन पुसली, परत पुसली. काका बाजाराला निघाले, कमरेला कोयता तसाच, पायात वहाणा घातल्या, पिशवी घेतली. मी दारात उभा. ते फाटकापर्यंत गेले आणि मला राहवलं नाही. मागं धावलो आणि सांगून टाकलं, मावशी खालचे खुंट काढायला सांगते. तिचं नाव घ्यायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

मला वाटलं ओरडतील. ते वळले आणि बाजार सोडून बांधाकडं चालू लागले. मी मशीन घेऊन मागं. मोठ्या ऐनाखाली ते थांबले, पहिल्या खुंटावर पाय ठेवला, वरच्याला हातानं धरलं. चढतात की काय म्हणून मी मशीन खाली ठेवून पुढं झालो. त्यांनी अंग वर उचललं. पाय थरथरला. ते तसेच थोडा वेळ राहिले, खोडाला कपाळ टेकवून, आणि उतरले.

"मागल्या सालीच समजलं व्हतं मना, आता चढनं व्हायचं नाय," ते म्हणाले. "तिला समजलं नसंल असं वाटलं."

मग त्यांनी हातानं मला दाखवलं, हा काढ, हा काढ, त्याच्या वर हात लावू नको. वर फूट येते. मी दोरी ओढली. जुनं वाळकं लाकूड, चेन चटकन आत गेली नाही, मला जरा जोर द्यावा लागला. खुंट मातीत पडले. काका ते उचलून एका बाजूला रचत होते, चुलीला होतील म्हणून.

खांद्याच्या उंचीचा एक राहिला. मी पट्टी टेकवणार तेवढ्यात त्यांनी माझ्या दंडाला धरलं. मी ब्रेक लावला.

"यो ऱ्हाऊं दे."

मी त्यांच्याकडं बघितलं. हा चढायला ठेवतायत की काय, असं वाटलं.

त्यांनी कमरेचा कोयता काढला आणि त्या खुंटाला अडकवला. मग धोतर झटकलं आणि कोयता तिथंच सोडून, बाजाराला उशीर झाला म्हणत निघून गेले.