कोणाच्या चवीपुरतं?

जगात आजवर जे काही बिघडलं ते कुणीतरी 'अंदाजे' केल्यामुळे बिघडलं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण मुलाची नोकरी पाहतो, घर पाहतो, सासूचा स्वभाव आडून आडून विचारून घेतो. सासऱ्यांकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. सासरे म्हणजे कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले एक निरुपद्रवी गृहस्थ, अशी आपली समजूत असते. आमचीही होती. ती लग्नाच्या बैठकीतच मोडली. आमच्या आचाऱ्याने सामानाची यादी वाचून दाखवली, तूरडाळ इतकी, तेलाचे डबे इतके, आणि शेवटी सवयीने म्हणाला, "मीठ चवीपुरतं." कोपऱ्यातून शांतपणे प्रश्न आला, "कोणाच्या?" आचारी गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला. "कोणाच्या चवीपुरतं? तुमच्या, माझ्या, का वरातीतल्या घोड्याच्या?" आचारी निफाडकडचा, मुरलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, लय लग्नं काढली म्या. मीठ मोजून मागणारे तुम्हीच पहिले." व्याह्यांना हे कौतुकच वाटलं. त्यांनी मान लववून त्याचे आभार मानले.

त्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, म्हणजे दोष सगळा त्यांचा नाही हे लक्षात येईल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मसाले, चटण्या, चिवडा बनवणाऱ्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटरवर काम करतात. नेमकं काय करतात हे समजून घेण्यात माझ्या बऱ्याच चहांचा थंडगार काढा झाला. तर तिथे एक असते रेसिपी. ती ठरवणारी मंडळी वेगळी. ती दिवसभर चमचे चाटतात, माना हलवतात आणि आज लसूण वाढवा, उद्या तिखट कमी करा, असं आपल्या कॉम्प्युटरात लिहून ठेवतात. दुसरी असते कारखान्याची साहित्याची यादी, तिला हे बीओएम म्हणतात. एका घाण्याला गोदामातून काय आणि किती काढायचं, कशात भरायचं, पाकिटं किती, लेबलं किती, ते सगळं त्या यादीत. आता रेसिपी इकडे बदलली आणि यादी तिकडे जुनीच राहिली, की चाखलेली चटणी वेगळी आणि पाकिटातली वेगळी. त्या दोघींना रोजच्या रोज एकमेकींशी जुळवून ठेवणं हे व्याह्यांचं काम. सासू-सुनेत जमवून देण्यासारखंच आहे, फक्त इथे दोघी जे काही बोलतात ते लेखी बोलतात.

आणि त्यांच्याही कुरबुरी असतातच. रेसिपीवाले लिहिणार 'सोललेला लसूण', गोदामात तो येणार सालासकट. मग सालांचं वजन कोणी धरायचं? रेसिपीतला कांदा म्हणजे वाळवलेला, कुरकुरीत. यादीने तो ओला समजला तर लासलगावहून आलेला ढीगभर कांदा वाळून टोपलीभर उरणार आणि काम अडणार. पण खरा हाहाकार मिठाने केला. रेसिपीवाल्यांतल्या एका साहेबांनी चिवड्याच्या मिठापुढची आकड्याची जागा मोकळी सोडली आणि बाजूच्या शेऱ्यात 'चवीपुरतं' असं लिहिलं. कॉम्प्युटर शेरे वाचत नाही. त्याने शून्य धरलं, यादीत शून्य उतरलं आणि कारखान्याने शून्य मिठाचा चिवडा अत्यंत निष्ठेने पाकिटांत भरून टाकला. हा प्रसंग सांगताना व्याह्यांचा आवाज खाली येतो, जसा आपला घरातल्या मयताविषयी बोलताना येतो.

अशी माणसं कारखान्यातून घरी आली तरी कारखाना घेऊनच येतात. संध्याकाळी बूट काढता काढता ते त्या जुळवणीबद्दल फोनवर सहकाऱ्याला विचारतात, "सिंक झालं का?" आणि स्वयंपाकघरातून विहीणबाईंचं उत्तर येतं, "हो, दुपारीच घासलं." यात विनोद आहे हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी घरात एक नाजूक वजनकाटा आणला होता, फोडणीतल्या मोहरीसाठी. विहीणबाईंनी तो कौतुकाने फडताळात ठेवला आणि रद्दीवाला आला की बाहेर काढू लागल्या. 'थोडं' हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. माझी मुलगी नवी नवरी म्हणून त्या घरात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना विचारलं, "पोहे थोडे देऊ का अजून?" तर ते म्हणाले, "थोडे म्हणजे किती?" तिने मला फोन केला. "बाबा, माणूस चांगला आहे," ती म्हणाली, "पण पोहे गार होतात."

त्यांच्या या खुळाचा मला मात्र एकदा मोठा फायदा झाला, आणि तो मी कधी विसरणार नाही. कारखान्यात म्हणे रेसिपीवाल्यांनी 'जिरं' लिहिलं होतं आणि गोदामवाल्यांनी 'जिरे'. कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू. एकाची पोती धूळ खात पडलेली आणि दुसरं संपलं म्हणून काम बंद. तेव्हापासून एका वस्तूला दोन नावं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले गेले, अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं म्हणून सगळ्या बायका वाकून उभ्या राहिल्या, आणि हे गर्दीतून पुढे आले. "नाव बदलायचं नाही," ते म्हणाले. "एकाला दोन नावं झाली की पुढे सगळा घोळ होतो. पोरीचं जे आहे तेच राहू द्या." त्यांच्या आत्याबाई रुसल्या, भटजींनी खाकरून पाहिलं, पण हे ढळले नाहीत. माझ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणि तिच्या आईने हौसेने ठेवलेलं नाव तिच्याजवळ राहिलं, ते असं जिऱ्याच्या कृपेने.

विहीणबाई याच्या अगदी उलट. त्यांचं सगळं हातावर. चिमूट, मूठ, ओंजळ ही त्यांची मापं, आणि ती कधी चुकली नाहीत. त्यांची चिंचगुळाची आमटी खाल्ल्यावर माणूस वाटी तिरकी करून शेवटचा थेंब पितो, मग तो कितीही सभ्य असो. व्याह्यांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी फार पूर्वीच मीठ कमी करायला सांगितलेलं. म्हणून विहीणबाई आधी जेमतेम मिठाची त्यांची वाटी बाजूला काढायच्या आणि मग उरलेल्या आमटीत सगळ्यांसाठी मीठ घालायच्या. व्याही ती वाटी निमूटपणे जेवायचे आणि हिचा अंदाज चुकत कसा नाही, याचा त्यांना थोडा रागच यायचा असं मला वाटे.

गेल्या हिवाळ्यात विहीणबाईंना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. येईल परत, कदाचित येणारही नाही, डॉक्टर म्हणाले. घरातल्यांना आधी गांभीर्य कळलं नाही. मग एके दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि सगळ्यांनी ती पाणी पीत पीत संपवली. विहीणबाईंनी ते बरोबर ओळखलं. त्या दिवशी त्यांनी ओट्यावरून हात पुसले आणि माझ्या मुलीला म्हणाल्या, "आता तूच बघ गं. माझ्या हाताला चव राहिली नाही." आणि त्या खिडकीशी जाऊन बसू लागल्या. पोरगी मला फोनवर सांगायची, की त्या टीव्ही लावतात पण बघत नाहीत. ज्या बाईचं बोलणं, रागावणं, लाड करणं सगळं स्वयंपाकातून चालायचं, ती बाई ओट्याशी परत उभी राहते की नाही, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता.

व्याह्यांनी तो आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला. फडताळातला काटा काढला, रजा टाकली आणि स्वतः आमटी करायला लागले. हिच्या हातची रेसिपी ग्रॅममध्ये उतरवायची, म्हणजे चाखायची गरजच नाही, हिने नुसतं मोजून घालावं, असा बेत. रोज एक आमटी व्हायची आणि रोज घरातले माना खाली घालून जेवायचे. एका रविवारी मी गेलो तर ते गॅलरीत एकटेच उभे होते. मला म्हणाले, "साहित्य सगळं बरोबर आहे हो, व्याही. तीच डाळ, तोच गूळ. पण जुळत नाही." इतक्या वर्षांत मी त्यांना हरलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच बघवलं नाही.

पुढचं मला मुलीने सांगितलं. एका सकाळी ते उठले, विहीणबाईंचा हात धरून त्यांना ओट्याशी आणलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसले. "तू कर," म्हणाले, "चव मी बघतो." विहीणबाईंनी बऱ्याच वेळाने पातेलं चढवलं. आमटीला उकळी आली तशी त्यांनी पळीतला थेंब यांच्या तळहातावर सोडला आणि विचारलं, "मीठ?" यांनी डोळे मिटून चाखलं. "दोन ग्रॅम कमी आहे." विहीणबाई म्हणाल्या, "दोन ग्रॅम म्हणजे किती?" व्याह्यांनी बोटं जुळवली, सोडली, पुन्हा जुळवली, आणि शेवटी म्हणाले, "थोडं." माझी मुलगी म्हणते की त्या दिवशी विहीणबाई पुष्कळ दिवसांनी हसल्या.

तेव्हापासून तिथे हे रोज चालतं. मी मागच्या रविवारी जेवायला गेलो होतो. पानं वाढली होती, लिंबाची फोड होती, चटणी होती, पण डाव्या कोपऱ्यात मीठ नव्हतं. मी मागणार, तेवढ्यात मुलीने डोळ्यांनी दटावलं. पहिल्या घासाला सगळा उलगडा झाला. आमटी अळणी, भाजी अळणी, कोशिंबीरसुद्धा अळणी. चाखणाऱ्याची जीभच फिक्याला सरावलेली, तिला एवढंच मीठ भरपूर वाटणार. आणि कुणाचा हात मिठाकडे गेलेला विहीणबाईंना दिसू नये म्हणून पोरीने पानात मीठ वाढणंच बंद केलं होतं. "मीठ बरोबर आहे ना?" विहीणबाईंनी विचारलं. जावई म्हणाले, अगदी. मी म्हणालो, झकास. व्याही परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे सगळ्यांकडे बघत होते.

निघताना विहीणबाईंनी आमच्या हिच्यासाठी आमटीचा डबा भरून दिला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वरून मीठ घ्या, भाऊ. पण यांना कळू देऊ नका."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"यांची वाटी इतकी वर्षं मीच काढत होते ना. यांना किती लागतं ते मला ठाऊक आहे. आता सगळ्यांची आमटी तेवढ्याच मिठाची होणार."

"मग सांगत का नाही त्यांना?"

त्यांनी डब्याची कडी लावली. "सांगितलं तर आकडा सुधारतील आणि उठून जातील. आता फोडणीपासून उकळी येईपर्यंत शेजारी बसून असतात. एवढा संसार झाला, भाऊ, असे कधी बसले होते?"

व्याही दारात उभे होते. माझ्या हातातला डबा पाहून त्यांचा चेहरा फुलला. "जुळलं ना?" त्यांनी हळूच विचारलं. "जुळलं," मी म्हणालो, आणि डबा सांभाळत जिना उतरलो.